न बिघडलेला कॅमेरा

आवडी, चेन्नई
२ जुलै २००६, रविवार

ती. शरदमामांस,
यामिनीचा सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर मोठं काढ असं तुम्ही दर वेळी लिहिता. पण मामांचे कान गेलेत, डोळे नाहीत, याची त्यांना आठवण करून दे, असं आईनं सांगितलंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला पत्रं लिहावी लागतात, याबद्दल मी त्या कानांचे आभारच मानते.

तुम्ही विचारलं होतंत की कुठल्या फोटोसाठी तू अनवाणी धावशील आणि कुठला फोटो कुणी पाया पडलं तरी काढणार नाहीस. चार दिवस विचार केला. धावेन ती बाबांच्या फॅक्टरीच्या गेटावर. पाळी सुटली की शेकडो सायकली एकदम बाहेर पडतात. पण तिथे फोटोला मनाई आहे आणि बाबा तर कॅमेऱ्याची रिकामी पिशवी घेऊनसुद्धा तिकडे उभी राहू देत नाहीत. दुसरं, इथल्या, चेन्नईजवळच्या कोवलमच्या बसथांब्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन कंडक्टरशी भांडणाऱ्या बायका. तिसरं म्हणजे आई सही करते तेव्हा. चाळिसाव्या वर्षी मी शिकवलेली सही. अजून जीभ दातांत धरून करते.

काढणार नाही तो मेलेल्या माणसाचा. इकडे घरातलं माणूस गेलं की त्याला खुर्चीत बसवून, सगळे भोवती उभे राहून फोटो काढून घेतात. आमच्या स्टुडिओचे मालक चंद्रमौळी अशा कामाला जातात आणि परत येऊन शांतपणे इडली खातात. मला ते बघवत नाही. शिवाय ज्याला फोटो नको असेल त्याचा काढणार नाही. आणि न विचारता कुणाचाच नाही.

न विचारता यावरून आठवलं. गेल्या आठवड्यात सांगलीहून कुणा बाईंचा आईला फोन आला. मुलीचा हिरव्या साडीतला फोटो फार छान आलाय म्हणाल्या. हिरवी साडी मी एकदाच नेसले, मे महिन्यात, क्षमाताईच्या लग्नात. तिथे कॅमेरा एकाच माणसाच्या गळ्यात होता. तुम्हाला काही ठाऊक आहे का?

आता खरी गोष्ट. काल स्टुडिओत मी एकटी होते. पासष्टीचे एक गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, नाव हंबीरराव. तंजावरकडचे मराठी आहेत. त्यांचं मराठी मला निम्मंच कळतं, तीनशे वर्षांपूर्वी निघालेलं पत्र आज पोचावं तसं वाटतं. आधी चंद्रमौळींनाच विचारत होते. ते नाहीत म्हटल्यावर चुळबुळले, मग मी मराठी आहे कळल्यावर खूश झाले. बरोबर एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिच्याकडे हात करून चक्क म्हणाले की ही आमची बायको आहे, हिचा एकटीचा एक फोटो हवा आणि आमच्या दोघांचा एक.

मामा, ती मुलगी आत आल्यापासून जमिनीकडे बघत होती. गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळाला काळी बारीक टिकली. मी तिला नाव विचारलं तर उत्तर त्यांनी दिलं, हरिप्रिया म्हणून. काउंटरमागे पासपोर्ट फोटोंच्या नमुन्यांचा बोर्ड आहे, ओळीनं पन्नाससाठ चेहरे. त्यावर कापड टाका, हिला ते दिसायला नको, असं हळू आवाजात म्हणाले. का दिसायला नको? पावतीवर पत्ताही दिला नाही.

कॅमेरा बिघडलाय, पुढच्या शनिवारी या, असं मी सांगितलं. कॅमेरा धडधाकट आहे. असं खोटं मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. पण जोडीचा फोटो म्हणजे लग्न नोंदवायला असणार, आणि तो माझ्या हातून निघायला नको. काय करू ते लगेच कळवा.

लोभ आहेच, माझ्या खोट्यामुळे तो कमी होऊ नये एवढंच मागते.

आपली,
यामिनी


मिरज
८ जुलै २००६

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. यादी आवडली. आईच्या सहीचा फोटो काढायला तुला कुणाची मनाई आहे? ज्याला मनाई आहे त्याच्याकडेच आधी धावायचं ही आपल्या घराण्याची खोड.

मेलेल्या माणसाबद्दल लिहिलंस ते वाचून थोडा वेळ खिडकीत बसलो. मी स्वतः असे सतरा काढलेत. त्याबद्दल पुन्हा कधी.

आता हंबीरराव. तू लिहिलंयस त्यात पाहिलेलं किती आणि धरून चाललेलं किती, हे मला वेगळं करता येईना. मंगळसूत्र नाही हे पाहिलंस, आणि चोरून लग्न हे धरून चाललीस. मंगळसूत्र असतं तर जबरीचं लग्न म्हणाली असतीस. म्हातारा वाईट नसेलच असं मी म्हणत नाही; मिरजेतही वाईट म्हातारे आहेत, त्यातले दोन माझ्याबरोबर सकाळी फिरायला येतात. पण संशय म्हणजे ओलं भिंग, त्यातून प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. आधी पुसून घे.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठव, तुझ्या मराठीत धुऊन नको. तोवर कुणाजवळ बोलू नकोस. तू शिकलेली आहेस. आपल्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजात गेलेली तू एकटी. माझी चौथी, तुझ्या बाबांची सातवी. तुझं बोलणं लोक छापलेल्यासारखं खरं मानतात, ते जपून वापर.

मो. न., ल. आ. माया आहे, काळजी जरा जास्त आहे.

तुझा,
शरदमामा


आवडी
१६ जुलै २००६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हिरव्या साडीचं तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. कान गेलेल्या माणसाला पत्रातलंही ऐकू येत नाही का? मी हे लक्षात ठेवलंय.

हंबीररावांचे शब्द विसरणं शक्यच नाही. म्हणाले, आमच्या घरची बायको आहे ही, फार गुणाची. हिचा एकटीचा एक पडम आणि आमच्या दोघांचा एक पडम धरून द्या. पडम म्हणजे तमिळमध्ये फोटो. इकडे फोटो काढत नाहीत, धरतात.

शनिवारी ते पुन्हा आले, ती बरोबर होती. मी पुन्हा म्हटलं की कॅमेऱ्याचा भाग अजून आला नाही. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, तसं वाटलं. जाताना तिच्या कोपराला धरून पायरी उतरवली. मला ते धरणं आवडलं नाही. ती एकदाच थांबली, वळून बघेल वाटलं, पण तिनं पदर डोळ्यांना लावला. मामा, तिला फोटो नकोच होता. हे मी धरून चालत नाही, पाहिलंय.

चंद्रमौळींना सांगितलं तर ते हसले. मला ते पापा म्हणतात. तमिळमध्ये पापा म्हणजे लहान मुलगी. पहिले आठ दिवस कुणाचे पापा आले म्हणून मी दाराकडे बघत होते. तर म्हणाले, पापा, फोटो धरायचा, माणसं धरायची नाहीत. नाव काय त्यांचं, हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनाही सामील करून घेतलं असेल असं क्षणभर मनात आलं. इतकं माझं डोकं चाललं आहे.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. त्याच्या आदल्याच दिवशी मी सईबाईंना सांगितलं होतं. सईबाई म्हणजे बाबांच्या फोरमनची बायको, इथल्या मराठी मंडळाच्या बायकांत त्यांचा शब्द चालतो. हंबीरराव स्टेशनपलीकडच्या गल्लीत राहतात आणि घरात ती दोघंच असतात, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. दोघंच, मामा. मी नुसतं कानावर घातलं होतं. पण सईबाई म्हणाल्या की शिकलेली मुलगी सांगते म्हणजे खरंच असणार, आता मी बघते त्या घोडनवऱ्याकडे.

तुम्ही रागवाल. पण ती मुलगी वाचली तर तुमचा राग मला चालेल.

उत्तर लवकर द्या, दोन्ही प्रश्नांचं.

आपली,
यामिनी


मिरज
२२ जुलै २००६

चि. यामिनी,
अ. उ. आ.

हे पत्र घाईत लिहितोय. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचंय.

माझी आजी कुणीही अनोळखी बाई दारात आली की हाक देऊन सांगायची, एक बायको आलीय गं, पीठ वाढा. बायको म्हणजे बाई. कुणाची म्हणून नव्हे, नुसती बाई. जुन्या मराठीत हाच अर्थ होता. आपण अजूनही अनेकवचनात सगळ्या बायका म्हणतो; तुझ्याच पत्रात मासळीच्या बायका आहेत, मंडळाच्या बायका आहेत. एकवचनात मात्र एकटीला नवऱ्याच्या हवाली करून टाकतो. तंजावरची माणसं निघाली तेव्हाचे शब्द बरोबर घेऊन गेली. त्यांनी ते जपले, आपण बदलले.

घरची बायको म्हणजे घरची बाई. सून असेल, पुतणी असेल, भाची असेल. मी खात्रीनं सांगत नाही, पण तूही खात्रीनं सांगू नकोस. सईबाईंना आज थांबव. उद्या नव्हे, आज.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. होय, तो फोटो मी पाठवला. सांगलीला माझ्या मित्राच्या घरी, त्याच्या भाच्यासाठी. तू पंगतीत वाढताना हसत होतीस, हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. इतका चांगला फोटो मी दहा वर्षांत काढला नव्हता. कुणाला तरी दाखवावासा वाटला, आणि दाखवायला हे निमित्त मिळालं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. लिहून झाल्यावर हे वाक्य किती वाईट दिसतंय.

मागच्या पत्रात गप्प बसलो, कारण तुझी यादी वाचून लाज वाटली.

आशीर्वाद नेहमीचेच, तुला घ्यावेसे वाटले तर घे.

शरदमामा


आवडी
२७ जुलै २००६

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र काल आलं. तीन दिवस उशिरा.

रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या भाजीबाजारात सईबाईंनी हंबीररावांना गाठलं. बारापंधरा माणसं होती, मराठी आणि तमिळही. सईबाई म्हणाल्या म्हणे की या वयात बाशिंग बांधायची हौस असेल तर पोर तरी आपल्या वयाची बघायची. त्यांना आधी समजलंच नाही; ते वाकून नमस्कार करत होते, सईबाई कुणासाठी स्थळ सांगताहेत असं वाटून. मग कुणीतरी तमिळमध्ये सांगितलं. पिशवीतली वांगी-टोमॅटो तिथेच ठेवून ते चालत घरी गेले.

मंगळवारी हरिप्रिया स्टुडिओत आली, एकटी. मला वाटलं होतं ती आभार मानेल.

ती त्यांची सून आहे. नवरा रणवीर त्सुनामीत गेला. त्या रविवारी तो मित्रांबरोबर कोवलमला गेला होता. सासू त्याआधीच गेलेली. तिला स्वतःला आईवडील नाहीत. दीड वर्ष ही दोघं एकमेकांच्या आधारानं राहताहेत. हंबीररावांना वाटतं की तिचं पुन्हा लग्न व्हावं. तंजावरचं एक स्थळ आहे. मुलीला सासरचे टाकत नाहीत, सासरा स्वतःच्या हातानं देतोय, हे समोरच्यांना दिसावं म्हणून त्यांना दोघांचा फोटो हवा होता.

आणि तो बोर्ड, मामा. लाट येऊन गेल्यावर एका दवाखान्याच्या भिंतीवर गेलेल्यांचे फोटो ओळीनं लावले होते. ती आणि हंबीरराव दोन दिवस त्या भिंतीसमोर उभे होते. तिसऱ्या ओळीत रणवीर सापडला. तेव्हापासून ओळीनं लावलेले चेहरे तिला बघवत नाहीत. म्हणून कापड टाकायला सांगितलं होतं. तो फोटो त्यांना दिला तेव्हा त्याच्या मागे शिक्का होता, आमच्या स्टुडिओचा. चंद्रमौळींची सासुरवाडी कोवलमला. नाताळाच्या सुटीत ते तिथे होते आणि कॅमेरा असलेले ते एकटेच, म्हणून पोलिसांनी त्यांना बोलावलं. म्हणून हंबीरराव याच स्टुडिओत आले. ज्या माणसानं मुलगा शोधून दिला त्याच्याच हातून सुनेचा फोटो व्हावा असं त्यांच्या मनात होतं.

ती म्हणाली की त्या माणसानं ते फोटो काढायला नकार दिला असता, तर मी आजही दारात उभी असते. रागानं नाही म्हणाली. मी मात्र तुम्हाला लिहिलेल्या न काढायच्या फोटोंच्या यादीतली पहिली ओळ आठवून मान खाली घातली.

फोटो तुम्हाला नको होता का, एवढं मी तिला विचारलं. ती म्हणाली की एकटीचा नको होता. शिक्षिकेच्या कोर्सचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा व्हायची आहे आणि मामांना, म्हणजे सासऱ्यांना, एकटं सोडायचं नाही. पण त्यांचं मन मोडवत नव्हतं. म्हणजे मी पाहिलेलं खरं होतं. फक्त मी तेव्हा विचारलं नाही.

आता ते म्हणतात की लोक असं बोलत असतील तर एका छपराखाली राहणं बरं नव्हे. तिची पेटी भरली आहे. पंधरा ऑगस्टच्या सुटीत तिला कुंभकोणमला चुलतभावाकडे सोडणार. कोर्सही सुटणार. जिला वाचवायला गेले तिचंच घर माझ्या एका शब्दानं मोडतंय.

त्या फोटोबद्दल आज काही लिहीत नाही. तुमच्यावर रागवायला मला तोंड उरलेलं नाही.

काय करू?

यामिनी


मिरज
१ ऑगस्ट २००६

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

काय करू असं विचारतेस, पण उत्तर तुला माहीत आहे. जिथे शब्द पसरला तिथेच तो गोळा करायचा, तितक्याच माणसांसमोर आणि तितक्याच मोठ्यानं. सईबाईंच्या कानात सांगून भागणार नाही. आणि गैरसमज झाला असं म्हणू नकोस. गैरसमज आपोआप होतो. मी बोलले असं म्हण. मग हंबीररावांना पत्र लिही. त्यांच्या पिढीला समोर येऊन रडणारी माणसं अवघड वाटतात.

मी काल सांगलीला जाऊन आलो. मित्राच्या बहिणीकडून फोटो परत मागितला. तिनं कारण विचारलं, तर सांगितलं की मुलीला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, एवढंच? मीही महिन्यापूर्वी हेच म्हणालो असतो. निगेटिव्ह सोबत पाठवतोय. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. ठेवावीशी फार वाटली.

तुझं लिहिणं थांबू नये, बाकी काही मागत नाही.

शरदमामा


आवडी
९ ऑगस्ट २००६

ती. स्व. हंबीरराव यांस,
यामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी स्टुडिओतली मुलगी. तुमच्याबद्दल बाजारात जे बोललं गेलं ते माझ्या तोंडून निघालं होतं. तुम्ही हरिप्रियाताईंना घरची बायको म्हणालात. आमच्या मराठीत बायको म्हणजे पत्नी, आणि मला दुसरा अर्थ माहीत नव्हता. पण अर्थ माहीत नसणं हा माझा अपराध नव्हे. ताईंना किंवा तुम्हाला एक शब्दही न विचारता मी दुसरीकडे जाऊन बोलले, हा अपराध आहे.

काल सईबाईंच्या घरी मंगळागौर होती. फोटो काढायला मला बोलावलं होतं. चाळीसेक बायका होत्या. खेळ सुरू व्हायच्या आधी मी कॅमेरा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं: शब्द, अर्थ, रणवीरदादा, सगळं. सईबाईंचा चेहरा उतरला. मग त्या मलाच म्हणाल्या की अगं शहाणे, ऐकू आलं नाही तर परत विचारायचं असतं एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत का. त्यांचं बरोबर आहे. आज त्या तुमच्याकडे येणार आहेत. त्यांना तुमचं बोलणं समजलं नाही तर कृपा करून ताईंना मध्ये घ्या.

ताईंची पेटी रिकामी करा असं सांगायचा मला अधिकार नाही. पण त्यांना एकदा विचारा.

आणखी एक. कॅमेरा बिघडला आहे असं मी दोनदा सांगितलं. तो कधीच बिघडला नव्हता.

क्षमा मागते. ती मिळाली नाही तरी माझं म्हणणं खरंच आहे.

यामिनी


आवडी, श्रावण वद्य पंचमी
१३ ऑगस्ट

चिरंजीव यामिनी इसी हंबीररावाचे आशीर्वाद. येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावें. विशेष. आम्हांस हें मराठी लिहिणें आजोबांनीं शिकविलें, तेव्हांपासून लिहावयास माणूस मिळालें नव्हतें. तुझें पत्र आलें म्हणून दौत शोधली.

सईबाई येऊन गेल्या. नारळ, करंज्या घेऊन आल्या. एक घटका बोलल्या, आम्हांस चौथाई समजलें. डोळ्यांस पदर लावला तें समजलें. जातांना बाजारांतील वांगींही नवीं आणून ठेविलीं, याचें हंसूं आलें.

आमचे तोंडचा शब्द जुना, तुझे कानचा अर्थ नवा. दोष दोघांनीं वांटून घ्यावा. मात्र हरिप्रियेस आम्हीही विचारिलें नव्हतें. तूं लिहिलेंस म्हणून विचारिलें. परीक्षा आधीं म्हणाली. इतके दिवस कां सांगितलें नाहीं म्हटलें, तर म्हणाली तुम्ही पुसलें नाहीं. तंजावरास तसें कळविलें आहे. पेटींतील लुगडीं पुन्हां फळीवर गेलीं.

कॅमेरा बिघडला नव्हता हें पहिलेच दिवशीं ठाऊक होतें. चाळीस वर्षें रेल्वेंत सिग्नल दुरुस्त केले. बिघडलेलें यंत्र आणि बिघडलेलें माणूस यांतला भेद दिसतो. तुला कांहीं दुःख असेल म्हणून बोललों नाहीं.

शनिवारीं येतों. चाळीस बायकांसमोर आपली चूक सांगणारी बायको आम्हीं पाहिली नव्हती. तूं धीराची बायको आहेस.

बहुत काय लिहिणें, उरलेलें पडमांत दिसेल.


आवडी
२० ऑगस्ट २००६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हंबीररावांच्या पत्राची नक्कल सोबत आहे. खरं पत्र देणार नाही. आईला वाचून दाखवत होते. तूं धीराची बायको आहेस इथवर आल्यावर आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं की हा म्हातारा आता तुझ्याही मागे लागलाय का. अर्थ सांगता सांगता पोळी करपली. तिला तो पटलाय की नाही, मला अजून संशय आहे.

काल ते आले. चंद्रमौळी मुद्दाम थांबले होते. दोघं एकमेकांना भेटले तेव्हा नुसते हात धरून उभे राहिले. चंद्रमौळी कॅमेरा घ्यायला पुढे झाले, तर हंबीररावांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, धरायचं राहिलं होतं ते हिच्याकडून.

मी बोर्डवर कापड टाकायला गेले. मग थांबले आणि ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे. पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं, बोर्डाकडे. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तिसरीवर जरा थांबल्या. मग भिंगाकडे वळल्या. मी बटण दाबलं त्याच वेळी हंबीरराव ताईंकडे बघत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा अर्धाच आलाय. पुन्हा काढू का, असं विचारलं. दोघंही नाही म्हणाले. एकटीचा हवा का, हेही विचारलं. ताई हसून नको म्हणाल्या.

प्रत तुम्हाला पाठवायला त्यांची परवानगी घेतली आहे. तुम्ही म्हणाला होतात की सतरा जणांबद्दल पुन्हा कधी लिहाल. आता लिहा. माझ्या न काढायच्या यादीतली पहिली ओळ मी खोडली आहे, पण तिथे काय लिहायचं ते अजून सुचत नाही.

हिरव्या साडीची निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. काळे दात, पांढरे केस, मठ्ठ्याचं भांडं. मी खरंच हसत होते. ती तुम्हाला परत पाठवते आहे. एक प्रत काढा, तुमच्यासाठी, भिंतीवर लावायला. मला आता विचारलंय असं समजा.

सोबतचा फोटो उलटा करून पाहा. ताई प्रत घेऊन दारापर्यंत गेल्या होत्या, तिथून परत आल्या आणि मागचा शिक्का राहिलाय, रणवीरच्या फोटोवर होता तो, म्हणाल्या. चंद्रमौळींना शिक्क्याचा खण उघडवेना. शेवटी मीच मारला. शाई ओली होती, म्हणून ताई तो वाळेपर्यंत हातात धरून उभ्या राहिल्या. तुमच्या प्रतीवर जरा फिका आलाय, पण नाव वाचता येतं.

लोभ दोन्हीकडून आहे, एवढं आता विचारून खात्री केलेलं आहे.

आपली,
यामिनी